मास्तरांची दोन मापं

मी चिडखोर आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. हृदयविकार विभागातल्या पोरी माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं चुकीचं काही नाही. पण माझं कामच तसं आहे. आमचे एकशे चाळीस रुग्ण रोज सकाळी आपापल्या घरी वजन, रक्तदाब आणि नाडी मोजतात आणि फोनवरून आमच्या नोंदीत भरतात. ते आकडे थेट त्यांच्या फाइलमध्ये जाऊन बसतात आणि डॉक्टर त्यावरून औषध ठरवतात. त्याआधी ते मी चाळते. कोणी नाडीच्या जागी रक्तदाब लिहितो, कोणी वजनाच्या जागी वय. एक आजोबा सलग तीन दिवस मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहिले, कारण खाली ठेवलं की ते ओरडायचं. मी फोन केला तर मलाच म्हणाले, "मग मांजराचं वजा करा की तुम्ही!"

या सगळ्या गोंधळात एकच फाइल अशी होती की ती उघडली की माझ्या कपाळावरची आठी जायची. ती मास्तरांच्या बायकोची. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आकडे हजर. वजन दशांशासकट. एक दिवस खाडा नाही. बाकीच्या रुग्णांना मी त्यांचं उदाहरण द्यायचे. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. माझ्या घरच्या वाटेवर, चावीवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे त्यांचं दुकान आहे. दीड माणूस मावेल एवढं. त्यातला एक माणूस मास्तर, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत अडतीस वर्षं त्यांची बायको बसली. काजं, बटणं, हातशिलाई सगळं तिच्याकडे. आम्ही तिला काकू म्हणतो. मास्तरांच्या गळ्यात कायम टेप, कानामागे पेन्सिल, आणि बोलताना नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर कमी, खांद्यावर जास्त. आमच्या डॉक्टरांना पहिल्यांदा भेटले तेव्हा बायकोच्या तब्येतीचं विचारायच्या आधी म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. बॅग दुसऱ्या हातात धरत चला." डॉक्टर तेव्हापासून बॅग उजव्या हातात धरतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

काकू आजारी पडायच्या आधीची गोष्ट. माझा युनिफॉर्म कमरेत आवळायला लागला म्हणून मी दुकानात गेले. मास्तरांनी टेप फिरवला, वहीत काहीतरी खरडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चौतीस." मी खूश. माझ्या वयाला चौतीस म्हणजे काही वाईट नाही. निघताना पिशवी उचलायला वाकले, तर वहीत छत्तीस!

"मास्तर, हा काय प्रकार आहे?" माझा पारा चढला.

मास्तर जराही ओशाळले नाहीत. "वहीतलं माप कापडासाठी, सिस्टर. तोंडातलं माप माणसासाठी. युनिफॉर्म मी छत्तीसचाच शिवणार, तुम्ही चौतीसच्या आनंदात घरी जा."

"आणि मला छत्तीस कळलं त्याचं काय?"

"ती चूक तुमची. दुसऱ्याच्या वहीत कशाला डोकावायचं?"

काकू आपल्या अर्ध्या जागेतून हसल्या. "अहो, त्यांचं सगळ्यांशी असंच असतं. आख्ख्या गल्लीला वाटतं, आपण बारीक आहोत."

मी तणतणत बाहेर पडले. युनिफॉर्म मात्र असा बेतला होता की पोरींनी विचारलं, वजन कमी केलंत का?

पुढच्या वर्षी काकूंना जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाचा पंप दुबळा झाला होता आणि अंगात पाणी साठत होतं. अकरा दिवस त्या आमच्या वॉर्डात होत्या आणि अकरा दिवस मास्तर बाकावर बसून, हाताला चाळा म्हणून, वॉर्डातल्या पडद्यांची उसवलेली टोकं शिवत होते. पडदे सुधारले, पण काकूंनी मनाशी पक्कं केलं की इथे परत यायचं नाही. "तुम्ही सगळ्या चांगल्या आहात गं," जाताना मला म्हणाल्या, "पण तुमच्या खिडक्या उघडत नाहीत. मला घरी मरायला आवडेल, इथे जगायला नाही." मी त्यांच्यावर ओरडले. मरायचं कोण म्हणतंय?

घरी सोडताना मी दोघांना समोर बसवून समजावलं. पाणी साठायला लागलं की ते आधी वजनकाट्यावर दिसतं, मग पायावर, मग श्वासात. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. वेळेवर कळलं तर गोळी वाढवून घरच्या घरी निभावतं. उशीर झाला तर पुन्हा वॉर्ड. म्हणजे काकू घरी राहणार की परत त्या न उघडणाऱ्या खिडकीपाशी येणार, हे रोज सकाळच्या एका आकड्यावर ठरणार होतं.

मास्तरांनी ताबडतोब पिशवीतून वही काढली. "मी रोज लिहून ठेवतो."

"वही-बिही काही नको," मी म्हणाले. "कागद हरवतात, अक्षर लागत नाही. सगळं फोनमध्ये भरायचं. वही माझ्यासमोर आणायचीच नाही."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

चार महिने झकास गेले. मग काकूंना उठताना चक्कर यायला लागली. मास्तरांनी फोन करून सांगितलं, आम्ही त्यांना अकराची वेळ दिली. सकाळी डॉक्टर फाइल उघडून बसले. मागच्या बारा दिवसांचं वजन: एकसष्ट, एकसष्ट पॉइंट दोन, साठ पॉइंट नऊ, पुन्हा एकसष्ट. रेघ कशी, टेबलावर पट्टी ठेवून ओढावी तशी.

"पाणी अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "उलट गोळीनं जास्तच निघून जातंय, म्हणून चक्कर. पाण्याची गोळी निम्मी करू."

मला पटलं. मास्तरांचे आकडे होते ना.

अकराला दोघं आले. मी नेहमीप्रमाणे काकूंना काट्यावर उभं केलं. त्रेसष्ट पॉइंट चार.

मी आधी काट्याला शिव्या दिल्या. मग स्वतः उभी राहून बघितलं. काट्यानं माझं वजन जेवढं मला नको होतं तेवढंच दाखवलं, म्हणजे काटा शाबूत होता. मग मी खाली बसून काकूंचा मोजा उतरवला. मोज्याची कड कातडीत रुतली होती. घोट्याच्या वर अंगठा दाबला, काढला, तर तिथे खळगा तसाच राहिला.

"मास्तर," मी खालूनच विचारलं, "आज सकाळी वजन किती भरलं होतं?"

"एकसष्ट पॉइंट एक."

"खरं सांगा."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं, मग दाराकडे. "सिस्टर, जरा बाहेर बोलू या का?"

"बाहेर कशाला? इथंच बोला!" माझा तोल गेला. "तुमच्या आकड्यांवर विसंबून डॉक्टर गोळी निम्मी करायला निघालेत! अजून चार दिवस गेले असते तर काकूंना ऑक्सिजन लावायची पाळी आली असती! काय खेळ लावलाय तुम्ही?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "निम्मी?" ते म्हणाले. "पण ते तर वही बघून ठरवणार होते ना?"

"कुठली वही?"

त्यांनी पिशवीत हात घालून वही काढली आणि माझ्यापुढे धरली. दुकानातलीच, लांबट, कापडी पाठीची. आत पेन्सिलीनं रोजचं वजन. खरं वजन. एकसष्ट आठशे. बासष्ट एक. बासष्ट सहाशे. शेवटची ओळ आजची, त्रेसष्ट तीनशे.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बारा दिवसांपूर्वी काट्यावर आठशे ग्रॅम जास्त भरले. मास्तरांनी खरा आकडा फोनमध्ये टाकला आणि फोनच्या पडद्यावरची वजनाची हिरवी रेघ लाल झाली. काकू रोज चष्मा लावून ती रेघ बघायच्या. लाल दिसल्यावर त्यांनी दोन गाऊन आणि टॉवेल पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळी मास्तरांनी फोन उघडून आकडा कमी केला. दुसऱ्या दिवशीही कमीच टाकला. रेघ हिरवी झाली, काकू जेवल्या.

"फोन तर ही रोज बघते," मास्तर म्हणाले. "म्हणजे ते तोंडातलं माप झालं. माणसासाठीचं. खरं माप वहीत आहे, एका ग्रॅमची लबाडी नाही. मला वाटलं, डॉक्टर बसून विचार करतील तेव्हा वही मागतील. मागच्या खेपेलाही आणली होती. कोणी मागितलीच नाही."

वही आणायची नाही, असं ज्या बाईनं दटावलं होतं ती बाई जमिनीवर मोजा हातात घेऊन बसली होती. मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

बोलल्या त्या काकू. "अहो, अडतीस वर्षं तुमच्या शेजारी बसलेय मी. तुमचं तोंडातलं माप मला ओळखू येत नाही होय? बूट पायात जाईना तेव्हाच मला कळलं होतं."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं ना एकसष्ट लिहून."

तेवढ्यात डॉक्टर आत आले. मी वही त्यांच्या हातात दिली आणि झाला प्रकार चार वाक्यांत सांगितला. मला वाटलं, आता हे भडकतील. रुग्णांनी घरून आकडे भरायची कल्पना त्यांना पहिल्यापासून फारशी रुचली नव्हती. पण ते वही घेऊन खुर्चीत बसले आणि वाचतच राहिले. वजनाच्या शेजारी आणखी दोन रकाने होते.

"हे काय आहे, मास्तर? साडेआठ, साडेआठ एक सूत, साडेआठ दोन सूत?"

"डावा घोटा, साहेब. सकाळी आणि संध्याकाळी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग."

"तो कोणी मोजायला सांगितला?"

"कोणी नाही. घरातल्या काट्याचा काय भरवसा? आज एक बोलेल, उद्या दुसरं. टेपचा मला भरवसा आहे."

डॉक्टरांनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. वजन वाढायच्या तीन दिवस आधीपासून घोटा वाढत होता. रोज एक-एक सूत, टेप धरणारा हात अडतीस वर्षांचा. डॉक्टरांनी काकूंना तपासलं, बसवून आणि उभं करून रक्तदाब घेतला. चक्कर निघाली दुसऱ्याच एका गोळीची. ती त्यांनी सकाळची संध्याकाळी केली. पाण्याची गोळी निम्मी करायच्या ऐवजी दुप्पट केली.

"झोपताना दम लागतो का?" त्यांनी विचारलं.

"छे!" काकू म्हणाल्या.

"बरं. तीन दिवस बघू. घोटा उतरला तर घरीच राहा. नाही उतरला तर मात्र भरती व्हावं लागेल."

त्यानंतर मी बारा दिवसांचे आकडे दुरुस्त करायला बसले. आमच्या नोंदीत त्या दिवसाचा आकडा रात्रीपर्यंत बदलता येतो, पण दिवस उलटला की खोडता येत नाही, शेजारी दुरुस्ती लिहावी लागते आणि तिचं कारण द्यावं लागतं. कारणांची यादी तयारच असते. यंत्रात बिघाड. लिहिण्यात चूक. दुसऱ्या व्यक्तीचा आकडा. यातलं एकही खरं नव्हतं. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'रेघ लाल झाली की रुग्ण जेवत नाही.' कॉम्प्युटरनं निमूटपणे घेतलं.

घोट्यासाठी रकानाच नव्हता. पण पानाच्या तळाशी 'रुग्णाचे म्हणणे' म्हणून एक चौकोन आहे, जिथे कोणी कधी काही लिहीत नाही. तिथे लिहायचं ठरलं. मी फोन मास्तरांच्या हातातून काढून काकूंच्या हातात दिला. "यापुढे तुम्ही लिहायचं. मास्तर फक्त टेप धरतील." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "आणि वही दर खेपेला आणायची. मी मागेन."

दुसऱ्या दिवशी सातला दहा मिनिटं असताना काकूंची पहिली नोंद आली. वजन बासष्ट पॉइंट नऊ. खाली चौकोनात लिहिलं होतं:

'घोटा दोन सूत कमी. चक्कर नाही. दहा दिवस झाले, आडवं पडलं की जीव घाबरतो, दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपते. काल डॉक्टरांना छे म्हणाले कारण हे शेजारी होते. यांना सांगू नये.'

मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "चार महिने मी समोर बसवून विचारतोय," ते म्हणाले, "आणि खरं उत्तर हे असं मिळतंय." त्यांनी स्वतः काकूंना फोन केला, गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या आणि पुढच्या महिन्यातली तपासणी त्याच आठवड्यात घेतली. मी वैतागले होते आणि हसतही होते. दोघांत फोन एकच. 'यांना सांगू नये' हे काकूंनी यांच्याच फोनवर लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकोनातली भाषा बदलली:

'उशांचं वाचलं. मला कोणी सांगितलं नाही, मी वाचलं. डोक्याकडे नऊ इंच, कमरेकडे शून्य, अशी उतरती गादी शिवली आहे. भरून दाबून बघितली, खचत नाही. रात्री ही एकदाही उठून बसली नाही. मास्तर.'

वजन बासष्ट पॉइंट एक. मी मान खाली घालून काम करत राहिले, कारण शेजारच्या टेबलावरची पोरगी माझ्याकडे बघत होती आणि चिडखोर बाईनं डोळे पुसलेले बरे दिसत नाहीत.

चौथ्या दिवशी एकसष्ट पॉइंट तीन. घोटा साडेआठ. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या. मी फोन करून सांगितलं. पलीकडून काकू म्हणाल्या, "थांब हं, पिशवीतले कपडे कपाटात ठेवते आणि येते." आणि फोन तसाच चालू ठेवून खरंच गेल्या. मी आठ मिनिटं कपाटाच्या दाराचा आवाज ऐकत बसले होते, आणि रागावले नाही.

इथवर सगळं ठीक झालं असं मला वाटत होतं. पुढच्या सोमवारी चौकोनात काकूंनी लिहिलं:

'मी रात्रभर झोपते. हे झोपत नाहीत. सारखे उठून माझा श्वास मोजतात आणि वहीत लिहितात. दिवसा मशीनवर डुलकी लागते. काल सुई बोटातून आरपार गेली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?'

मी रकाना शोधला. काकूंच्या फाइलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, कारण ते दुखणं काकूंचं नव्हतं. मी दोघांना दुपारी बोलावलं. मास्तर बोटाला चिंधी गुंडाळून आले, वही पुढे केली आणि म्हणाले, "मिनिटाला सोळा श्वास. सगळ्या रात्री सारखेच. बघून घ्या."

"बघते. आधी बाही वर करा."

"माझं कशाला? आजारी ही आहे."

"बाही, मास्तर."

एकशे अडुसष्टवर शहाण्णव. मी पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला, तर तेवढाच. शेवटचा रक्तदाब कधी तपासला होता, असं विचारलं. मास्तरांनी बराच विचार करून सांगितलं की लग्नाच्या आधी कधीतरी, नोकरीच्या अर्जासाठी. मी डॉक्टरांना निरोप धाडला आणि मास्तरांच्या नावाची नवीन फाइल उघडली. फोनमध्ये त्यांचं पान काढून दिलं. ते हात पुढे करत होते, पण फोन काकूंनी घेतला.

त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं, शांतपणे, अक्षर अक्षर शोधून लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते, मास्तरही दुसऱ्या बाजूनं वाचत होते.

'वय ७१. रक्तदाब १६८/९६. झोप तीन तास. कारण मी.'

"ते शेवटचं काढ," मास्तर म्हणाले.

"का? खोटं आहे?" काकूंनी बोट पडद्यावर तसंच धरून विचारलं.

मास्तरांनी बोटावरची चिंधी पुन्हा घट्ट बांधली.

"नाही," ते म्हणाले. मग काकूंनी बटण दाबलं.